डिझेल गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला गिअर कधी बदलायचा हे कशावरून कळते?

डिझेल इंजिनात हवा अडवणारी थ्रॉटलची झडप नसते, तर इंजिनावरचा भार गिअरबॉक्सला कसा समजतो, असा आपला प्रश्न आहे. शिवाय आपल्या जुन्या गाडीत गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात, म्हणून गिअरबॉक्स उघडावा का, असेही आपण विचारले आहे.

गिअर बदलण्याचा क्षण मुख्यतः गाडीचा वेग आणि इंजिनावरचा भार यांवरून ठरतो. जुन्या गिअरबॉक्समध्ये आउटपुट शाफ्टबरोबर (चाकांकडे जाणाऱ्या दांड्याबरोबर) फिरणारा गव्हर्नर वेगाच्या प्रमाणात ऑइलचा दाब वाढवतो आणि हा दाब भार दर्शवणाऱ्या दाबाला भारी पडला की शिफ्ट व्हॉल्व्ह सरकून वरचा गिअर पडतो.

खरी अडचण भाराची आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल जितका मिटलेला तितका मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, जास्त, त्यामुळे तिथून गिअरबॉक्सला एक नळी जोडली की काम भागते. डिझेल इंजिनात मात्र हवा न अडवता फक्त इंधन कमीजास्त केले जाते, म्हणून भाराचा हा संकेत मुद्दाम तयार करावा लागतो. इंजिनावर चालणारा पंप व्हॅक्यूम निर्माण करतो, इंजेक्शन पंपाच्या लिव्हरशी जोडलेला व्हॉल्व्ह ॲक्सिलरेटर दाबाल तसा तो कमी करतो आणि उरलेला व्हॅक्यूम गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरपर्यंत, म्हणजे व्हॅक्यूमनुसार ऑइलचा दाब ठरवणाऱ्या भागापर्यंत, पोचतो. १९८० च्या दशकातील मर्सिडीजच्या डिझेल गाड्यांत गिअर कधी बदलायचा हे प्रामुख्याने ॲक्सिलरेटरच्या यंत्रणेपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल ठरवत असे, तर तो किती मऊपणे पडावा हे व्हॅक्यूम. ही विभागणी मला फार महत्त्वाची वाटते, कारण अशा गाडीत नुसता झटका बसत असेल तर केबलला हात लावण्याचे कारण नसते.

डिझेल इंजिनाची फिरण्याची मर्यादाही कमी असते, त्यामुळे पेट्रोल गाडीचा गव्हर्नर तसाच बसवला तर पूर्ण ॲक्सिलरेटरवर गिअर बदलण्याआधीच इंजिन आपली मर्यादा गाठते.

कॉमन रेल इंजिनात (सर्व सिलिंडरांना एकाच सामायिक नळीतून उच्च दाबाचे इंधन देणाऱ्या डिझेल इंजिनात) हे सारे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटकडे गेले आहे. किती इंधन फवारले यावरून ते टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) काढते, गिअरबॉक्सच्या युनिटला कळवते आणि ते युनिट सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) उघडते किंवा बंद करते. गिअर पडताना क्षणभर इंधन कमी करून झटकाही टाळला जातो.

आपल्या गाडीत मॉड्युलेटर असेल, तर गिअरबॉक्स उघडण्याआधी संकेत तपासा, असा माझा आग्रह आहे. व्हॅक्यूम गळत असेल तर गिअरबॉक्सला भार नसतानाही तो जास्त वाटतो. प्रथम रबरी नळ्यांचे कोपरे चाचपून पाहा. ते कडक होऊन चिरतात. मग इंजिन बंद ठेवून मॉड्युलेटरची नळी काढा. तिच्यात गिअरबॉक्सचे ऑइल दिसले, तर मॉड्युलेटरमधला डायफ्रॅम (लवचीक पडदा) फाटलेला आहे. मॉड्युलेटर बाहेरच्या अंगाला असतो, त्यामुळे तो बदलण्यासाठी सहसा गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.