दहावीसाठी बास्केटबॉल बंद ठेवलं तर मुलीचा फिटनेस किती उतरतो?

ताई, तुमची मुलगी पंधरा वर्षांची आहे, जिल्हा संघातून खेळते. जानेवारीपासून दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत प्रॅक्टिस पूर्ण बंद ठेवायची आणि एप्रिलअखेर निवड चाचणी द्यायची, असं ठरतंय. घरात कोणी म्हणतं सगळं जाईल, कोणी म्हणतं आठवड्यात परत येईल. मी बरीच वर्षं मुलींच्या संघांबरोबर काम करतेय, त्यावरून सांगते, दोन्ही म्हणणी धरून चालू नका.

सगळं एकदम उतरत नाही. पहिला जातो तो दम. व्यायाम थांबला की थोड्याच दिवसांत रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होऊ लागतो. हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं, त्यामुळे तेवढंच धावायला जास्त ठोके लागतात. १९८४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात चांगल्या तयारीच्या धावपटूंचा आणि सायकलपटूंचा सराव थांबवून मोजमाप केलं होतं. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के आणि बारा आठवड्यांत १६ टक्के घटली. ते बास्केटबॉलचे खेळाडू नव्हते, पण शरीर त्याच वाटेने जातं. पायांची ताकद त्या मानाने चिवट. तीन-चार आठवडे ती बऱ्यापैकी टिकते, मग हळूहळू उतरते. आणि हाताला बसलेलं शूटिंग लवकर विसरलं जात नाही.

नेमकी इथेच फसगत होते. सुट्टीनंतर मुलगी कोर्टवर येते, फ्री थ्रो पडतात, ले-अप जमतात, सगळे म्हणतात, काही फरक नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तिच्याकडे नीट बघा. डिफेन्सला वाकलेले गुडघे सरळ व्हायला लागतात, शिट्टी वाजली की हात मांड्यांवर जातात आणि शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येतात. हात बिघडलेला नसतो, पाय बॉल वर ढकलत नसतात. सर 'शूटिंग गेलं' म्हणून शंभर शॉट मारायला लावतात, पण कमी पडलेला असतो तो दम.

आता दिलासा देणारी गोष्ट. कमावलेलं टिकवायला, ते कमावताना लागली त्याच्या निम्मीही मेहनत लागत नाही. हिक्सन नावाच्या संशोधकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे फार छान दाखवलं. आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून व्यायाम केलेल्या लोकांचे दिवस सहावरून दोनवर आणले, तरी पंधरा आठवडे ती कमाल क्षमता टिकली. दुसऱ्या गटाचे दिवस सहाच ठेवून वेळ १३ मिनिटांवर आणला, तरी टिकली. जोर कमी केला तेव्हा मात्र घसरली. म्हणून 'रोज संध्याकाळी अर्धा तास फिरून येते' हे डोक्याला चांगलं आहे, पण दम टिकवायला पुरत नाही.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, पूर्ण बंद करू नका. आठवड्यातले दोन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं, घराजवळच. पाच मिनिटं अंग गरम करायचं. मग सोसायटीच्या आवारात अर्धा मिनिट जोरात शटल, म्हणजे दोन खुणांमध्ये पळत जाऊन-येऊन, आणि अर्धा मिनिट विश्रांती, अशा आठ-दहा फेऱ्या. शेवटच्या फेऱ्यांत बोलता येऊ नये इतका जोर हवा. त्यानंतर पुस्तकांनी भरलेलं दप्तर पाठीला लावून स्क्वॉट आणि लंज, टाचा उचलणं, थोडा वेळ प्लँक. शेवटी दप्तर काढून मोजक्या उड्या, प्रत्येक वेळी गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायचं. पेपरच्या आठवड्यात एकच दिवस झाला तरी चालेल. झोप मात्र कापू नका, या वयात आठ ते दहा तास लागतात.

उतरण्यावर मी एवढा भर देते याला कारण आहे. बास्केटबॉलमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारा अस्थिबंध, फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि बऱ्याचदा तो कोणाचा धक्का न लागता, उडीवरून उतरताना किंवा झटक्यात वळताना फाटतो. या वयात उंची-वजन वाढतं, पण मांडीची आणि पार्श्वभागाची ताकद त्याच वेगाने आपोआप वाढत नाही. त्यात तीन महिन्यांचा खंड पडला तर उतरताना गुडघे आत कलायला लागतात. समोरून मोबाईलवर व्हिडिओ घ्या, साध्या डोळ्यांना दिसतं.

म्हणून मला सुट्टीपेक्षा परतीच्या पहिल्या दोन आठवड्यांची काळजी जास्त वाटते. निवड चाचणी जवळ, 'भरून काढायचं' म्हणून सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस, आणि वर एप्रिलचं ऊन. प्लाझ्मा घटलेला असताना उष्णताही कमी सोसते. अमेरिकेतल्या स्ट्रेंथ कोचच्या दोन संघटनांनी २०१९ मध्ये मिळून नियम दिला आहे, मोठ्या खंडानंतर पहिल्या आठवड्यात नेहमीच्या कामापेक्षा ५० टक्के कमी, मग ३०, मग २०, मग १० टक्के कमी. मी मुलींसाठी हाच धरते. पहिल्या आठवड्यात फुल कोर्ट मॅच नाही, तीनास तीन पुरे. प्रॅक्टिस सकाळी सहाला.

आणखी एक. चार-पाच आठवडे नीट सराव करूनही धाप कमी होत नसेल, तर 'आळशी झाली' म्हणू नका, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. परीक्षेच्या दिवसांत खाणं विस्कटतं, त्याचाही भार पडतो. पाळी सलग तीन महिने आली नाही, तर परीक्षेचा ताण म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा.

चाचणीच्या तारखेपासून पाच आठवडे मागे मोजा आणि तिच्या सरांशी आत्ताच, जानेवारीच्या आधी, बोलून घ्या. पहिल्या आठवड्यात ती अर्धीच प्रॅक्टिस करेल, हे त्यांना आधी माहीत असलं तर कोर्टवर तिला कोणी टोचून बोलणार नाही आणि तीही ईर्ष्येने जास्त करायला जाणार नाही.