वाचकांचे प्रश्न : उरलेल्या दोनात नेमका चुकीचा गोल

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यातली, शाळा मराठी माध्यमात झाली, एमए इंग्लिश धारवाडला केलं, सध्या हायस्कूलला गेस्ट टीचर आहे. के-सेट, म्हणजे कर्नाटकची प्राध्यापक पात्रता परीक्षा, दोनदा दिली, दोन्ही वेळी थोडक्यात गेली. गाईड तीनदा वाचलंय, नावं सालं पाठ आहेत, तरी चारातले दोन पर्याय उडवता येतात आणि उरलेल्या दोनात मी नेमका चुकीचा गोल काळा करते. घरचे म्हणतात कोल्हापूरला नोकरी बघ. अभ्यासाला पहाटेचे दोन तास आणि बसमधला पाऊण तास, बस्स. कुठं चुकतंय?

उत्तर : ताई, आधी घरच्यांना सांगा की के-सेट फक्त कर्नाटकात चालते. कोल्हापूरला प्राध्यापक व्हायचं तर देशपातळीवरची नेट पाहिजे नाहीतर महाराष्ट्राची सेट. नेट सगळीकडे चालते, म्हणून मी तर म्हणतो के-सेट आणि नेट, दोन्हींचे फॉर्म भरा, अभ्यास जवळजवळ एकच आहे.

आता तुमच्या दोन पर्यायांचं. तुम्हाला सालं येतात पण सुटी सुटी येतात, हरभऱ्यासारखी, एक निसटला की हाताला काही गावत नाही. एक नमुना बघू, मीच बनवलेला. ही नाटकं काळानुसार लावा : द स्कूल फॉर स्कँडल, दि ऑल्केमिस्ट, शी स्टूप्स टू कॉन्कर, द वे ऑफ द वर्ल्ड. ऑल्केमिस्ट बेन जॉन्सनचं, म्हणजे 1642 ला लंडनची थिएटरं बंद पडली त्याच्या आधीचं, ते पहिलं. वे ऑफ द वर्ल्ड 1700 चं, त्याच साली कवी ड्रायडन गेला, ते दुसरं. इथपर्यंत तुम्ही पण येता, आणि मग शी स्टूप्सवाला गोल्डस्मिथ आधी का स्कूल फॉर स्कँडलवाला शेरिडन आधी यावर गाडी अडते, कारण उरलेल्या दोन पर्यायांत फरक तेवढाच ठेवलेला असतो. गोल्डस्मिथ 1774 ला वारला हे एकदा डोक्यात बसलं की स्कूल फॉर स्कँडल 1777 चं असल्याने ते शेवटीच जाणार, शी स्टूप्सचं 1773 आठवलं नाही तरी चालतंय. पाठ करायचं तर असलं करा, एका सालाने दोन गोष्टी सुटतील असं.

आणि जुने पेपर सोडवता ना, तेव्हा बरोबर उत्तरावर टिक मारून पुढं पळू नका. चुकीचे तीन पर्याय का चूक आहेत ते प्रत्येकी एक ओळ वहीत लिहा. कंटाळवाणं काम आहे, मला माहितीय, पण शंभर प्रश्नांचे तीनशे चुकीचे पर्याय होतात आणि पुढच्या पेपरात त्यातलाच एखादा बरोबर उत्तर म्हणून येऊन बसतो.

बसमधला पाऊण तास भारतीय इंग्रजी आणि अनुवादाला द्या, आपल्याकडच्या पोरांना ही फुकटची मार्कं आहेत आणि तीच सोडतात बघा. कवी-अनुवादक ए. के. रामानुजन आपल्या बेळगावात शिकवून गेलेले, 'संस्कार' मूळ अनंतमूर्तींची कन्नड कादंबरी, 1965, तिचं इंग्रजी रामानुजन यांनी केलं 1976 ला, म्हणजे लेखक विचारलाय का अनुवादक हे आधी बघायचं. कर्नाडांची नाटकं बघा, तुघलक 1964, हयवदन 1971, नागमंडल 1988. तुघलक तेंडुलकरांनी मराठीत आणलंय, एका रात्रीत वाचून होतंय.

राहिलं वेळेचं. पहिला सामान्य आणि दुसरा विषयाचा, दोन्ही पेपर मिळून 150 प्रश्न, तीन तास, म्हणजे एकाला 72 सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

प्रश्न : मी निपाणीचा. लिटररी थिअरी डोक्यात शिरत नाही. मराठीत नोट्स काढल्या तर चालतंय का? मित्र हसतात.

उत्तर : हसू देत. पेपरात गोल काळा करायचाय, नोट्स कुठल्या भाषेत काढल्या हे कोण विचारत नाही. फक्त पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवा, सिग्निफायर (शब्दाचं कानाला येणारं रूप) म्हणजे सिग्निफायर, त्याचं मराठी करत बसलात तर प्रश्नात तो ओळखू येणार नाही. समजून मात्र आपल्या भाषेत घ्या. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर म्हणतो शब्दाचं रूप आणि त्यामागची कल्पना यांचं नातं मुळात मानलेलं असतं. निपाणीच्या माणसाला हे शिकवायला पाहिजे होय? एकाच गवळ्याकडे एक गिऱ्हाईक दूध मागतंय, दुसरं कन्नडमध्ये हालु मागतंय, दोघांच्या किटलीत पडतंय ते एकच. झालं आर्बिट्ररी साइन. एवढंच लक्षात ठेवा की सोस्यूरचं 'कोर्स इन जनरल लिंग्विस्टिक्स' हे पुस्तक 1916 ला आलं आणि तो 1913 लाच गेला होता, विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून ते तयार केलं, त्यामुळे 'सोस्यूरने स्वतः लिहून प्रसिद्ध केलं' असं विधान दिसलं की सरळ चूक.