तुमचे प्रश्न: सोरायसिस आहे, ध्यानाने काही होईल का?

प्रश्न: मी अमळनेरची, वय ३४. कोपर, गुडघे आणि डोक्यात सोरायसिस आहे, म्हणजे कातडीवर खवल्यांचे चट्टे. श्रावणात कानबाईच्या रोटांचं पीठ मळायला बसले तर मोठ्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "राहू दे, तू हात नको लावू." तेव्हापासून लग्नकार्यात जावंसंच वाटत नाही, रात्री खाजवून खाजवून रक्त निघतं. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. मैत्रीण म्हणते माइंडफुलनेस थेरपी कर. डोळे मिटून बसल्याने कातडी बरी होते का हो?

उत्तर: नाही ताई, आणि कुणी तशी गॅरंटी देऊन पैसे मागत असेल तर सरळ उठून या. पण टेन्शन घेऊ नका म्हणणं तरी काय, ते काय कुणी हौसेने घेतं? ताणाने सोरायसिस भडकतो, भडकला की लोकांच्या नजरा, की परत ताण. माइंडफुलनेस थेरपीचं, म्हणजे मनात-अंगात काय चाललंय ते न भांडता बघायला शिकण्याचं, काम इथे आहे. १९९८ साली अमेरिकेत माइंडफुलनेसचा कोर्स सुरू करणारे जॉन कबाट-झिन यांच्या टीमने सोरायसिसचे ३७ पेशंट घेतले, लाइट ट्रीटमेंट (कातडीवर अतिनील किरण सोडायचे) सगळ्यांना होती, त्यातल्या काहींना लाइट घेतानाच ध्यानाची टेप ऐकवली तर त्यांचे चट्टे लवकर गेले. अभ्यास छोटा आहे, आणि लाइट कुणाचीच बंद नव्हती हे लक्षात ठेवा.

माइंडफुलनेसचा कोर्स बहुतेक ८ आठवड्यांचा असतो. मन कोरं करायचं नसतं त्यात. रात्री खाज सुटली की नख लावायच्या आधी थोडं थांबून बघायचं, नेमकी कुठे आहे, टोचतेय की जळजळतेय, वाढतेय की ओसरतेय, मग तळवा नुसता टेकवायचा नाहीतर क्रीम लावायचं. कधी खाजवलंच जाईल, जाऊ द्या. सगळ्या अंगावरून लक्ष फिरवायला सांगतात तेव्हा काहींना चट्टेच जास्त जाणवतात, तसं झालं तर पावलांपासून, जिथे चट्टा नाही तिथून सुरू करा. "सगळे माझ्याकडेच बघतात" हा विचार आला की आला म्हणायचं, त्याच्याशी भांडत बसायचं नाही.

आता जाऊबाईंचं. सोरायसिस संसर्गजन्य नाही, पिठातून तर नाहीच नाही, तेव्हा तुमच्या ध्यानाने त्यांचा गैरसमज जाणार नाही, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांनाच सोबत न्या. मालकांनाही बोलायला लावा, सगळं तुम्हीच का सोसायचं?

औषधं मनाने बंद करू नका, स्टेरॉइड तर अजिबात नाही, अचानक सोडलं की उसळी मारतं. आणि झोप उडाली, जगणं नको वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.