एटीडी (कलाशिक्षक पदविका) करून चार वर्षं तासिकेवरच आहे. कलाशिक्षक म्हणून राहण्यात काही अर्थ आहे का?

‘ड्रॉइंग टीचर ही काय नोकरी आहे का?’ असं घरचे विचारतात, हे तुम्ही लिहिलंय. माझ्या सासऱ्यांनी बघण्याच्या कार्यक्रमातच हे विचारलं होतं. मला उत्तर आलं नव्हतं.

मी कळव्यात राहते. मोठ्या कला महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा दोनदा हुकली, म्हणून एटीडी केलं. आवडीने नव्हे, हातात काहीतरी असावं म्हणून. मग ठाण्यातल्या एका खासगी शाळेत तासिकेवर लागले. सहामाही जवळ आली की गणिताचे सर दारात उभे, “बाई, आजचा तास देता का?” मी द्यायचे. तीन वर्षांनी ‘पुढच्या वर्षी गरज नाही’ एवढंच तोंडी कळलं. नंतर दीड वर्ष राम मारुती रोडला साड्यांच्या दुकानात हिशेब लिहिले. रंगाच्या डबीला हात लावला नाही.

दिघ्याच्या एका शाळेत बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी चार महिने मिळाले. पहिल्या दिवशी सहावीला म्हटलं, निसर्गचित्र काढा. सगळ्या कागदांवर तेच, दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, झोपडी, नारळाचं झाड. आणि खिडकीबाहेर पारसिकचा डोंगर! तिथे सूर्य खरंच डोंगरामागून येतो. पण डोंगर एकच, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा लांबलचक, आणि त्याच्या अंगावर चढत गेलेली घरं. हा काढा म्हटलं, तर एक मुलगा म्हणाला, “बाई, हा चित्रातला डोंगर नाहीये.”

ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढचे तीन आठवडे एकच काम केलं. खिडकीशी उभं राहून बघायचं, मग जागेवर येऊन आठवून काढायचं. एलिमेंटरी या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला स्मरणचित्र हा विषय असतोच, पण मी स्वतः तो पाठ केलेल्या चित्रांवर पास झाले होते. त्या मुलाने स्वतःचं घर काढलं. नुसत्या पेन्सिलीत. छपरावर ताडपत्री आणि ती उडू नये म्हणून ठेवलेले टायर. टायर घराच्या दारापेक्षा मोठे. प्रमाण चुकलंय म्हणणार होते, तेवढ्यात तो म्हणाला, ते टायर त्याने आणि वडिलांनी वर चढवले होते, भर पावसात. मी खोडरबर परत पाऊचमध्ये ठेवलं.

साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. त्या चार महिन्यांत एकदाही घड्याळ बघितलं नाही, एवढंच लक्षात आलं. (मुलाला पुढे एलिमेंटरीत क श्रेणी मिळाली. त्यातल्या भूमितीच्या पेपरने घात केला.)

आता पैशांचं बोलते, कारण तुमचा अर्धा प्रश्न तोच आहे. कायम जागेच्या भरवशावर बसू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातसुद्धा सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी निदेशक, म्हणजे शिकवणारा, सांगितलाय, पण अर्धवेळ. माझं घर संध्याकाळच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वर्गांवर चालतं. पालक येतात ते दहावीच्या वाढीव गुणांसाठी, इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. मला त्याची लाज वाटत नाही. गुणांसाठी आलेलं पोरही खिडकीशी उभं करता येतं. वस्तुचित्राला मात्र मी पुस्तकातली सुरई-फुलदाणी ठेवत नाही, घरचा कुकर आणि कांदे ठेवते. कुकरची शिट्टी काढताना भल्याभल्यांची त्रेधा उडते.

आता ज्या शाळेत आहे, तिथली नोकरी अजून अर्धवेळच आहे. यंदा सहावीत ३७ मुलं आहेत. त्यातली २१ अजून दोन त्रिकोणच काढतात.