परसात सरावासाठी आणि सशा-तित्तिरांच्या शिकारीसाठी कोणती एअर रायफल घ्यावी?

प्रश्नाचा दुसरा भाग आधी बाजूला ठेवावा लागेल. भारतात ससा किंवा तित्तीर मारणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, मग बंदूक छर्‍याची का असेना; त्यामुळे निवड केवळ निशाणेबाजीसाठी करावी.

परसातील सरावाला 0.177 इंच, म्हणजे 4.5 मिलिमीटर व्यासाची, नळी बिजागरीवर खाली वाकवून स्प्रिंग ताणण्याची साधी रायफल पुरेशी आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार या व्यासापर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 200 मीटर वेगाने सुटला, तर ऊर्जा सुमारे 10 ज्यूल होते आणि 10 मीटरवरील कागदी लक्ष्याला तेवढी भरपूर आहे. म्हणून वेगाच्या जाहिरातींपेक्षा चाप किती हलका व एकसारखा सुटतो, हे दुकानात हातात घेऊन पाहावे. मात्र छर्रा न भरता बार काढू नये, कारण हवेची गादी न मिळाल्याने आतला दट्ट्या (पिस्टन) थेट आदळतो. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळली की नेम हमखास बिघडतो, तेव्हा पुढचा दस्ता उघड्या तळहातावर नुसता टेकवावा.

लक्ष्यामागे मऊ मातीने गच्च भरलेली लाकडी पेटी ठेवावी. उघड्या भिंतीवरून छर्रा उलटून डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून संरक्षक चष्म्याशिवाय मुलांना जवळ उभेही राहू देऊ नये. छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर हात साबणाने धुवावेत.