खाडीत कोरडा खड्डा

प्रश्न : खाडीपुलाचा खांब भर पाण्यात बांधताना पाणी अडवतात कसं?

उत्तर : कॉफरडॅम, म्हणजे पाण्यात उभी केलेली तात्पुरती भिंतींची चौकट, घालून. पोलादी शीटपाइल, म्हणजे कडेला खाचा असलेल्या लांब जाड पट्ट्या, खाचेत खाच अडकवून तळात खोल ठोकायच्या, आतून तुळयांचा टेका द्यायचा, मग उपसा. ५ मीटर खोलीवर पाणी दर चौरस मीटरला सुमारे ५ टनांनी रेटतं, म्हणून एक टेका बसला की मगच पाणी पुढे उतरवायचं. सांध्यांतून झिरपतं त्याची मला चिंता नसते, पंप ते ओढतो. भीती तळाची. एका पहाटे ऐन भरतीला आमच्या खड्ड्यात वाळू भातासारखी रटरटताना दिसली. पाणी पाइलच्या खालून वळसा घेऊन वर येत होतं. आधी माणसं वर काढली, मग पंप बंद करून खड्डा भरू दिला. पाइल आणखी खोल ठोकल्यावरच पुन्हा उपसा सुरू केला.