अ‍ॅपचा निळा छापायचा आहे, सीएमवायके कोड कुठल्या कन्व्हर्टरने काढू?

तुमच्या अ‍ॅपचा निळा आरजीबी (स्क्रीनच्या लाल, हिरव्या, निळ्या उजेडाचे आकडे) ०, ८०, २५५ आहे आणि कार्डं-ब्रोशरसाठी त्याचा सीएमवायके (छपाईच्या चार शायांचं, म्हणजे आकाशी सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि काळा यांचं प्रमाण) कुठल्या कन्व्हर्टरने काढायचा, असं तुम्ही विचारलंय. कुठल्याच नाही. ऑनलाइन कन्व्हर्टर नुसतं गणित करून सी १००, एम ६९, वाय ०, के ० असे आकडे हातात ठेवतो. त्याला ना कागद ठाऊक, ना शाई. सायनवर एवढं मॅजेंटा पडलं की निळा जांभळ्यात जातो. मी हे ३,००० छापील फोल्डर वाया घालवून शिकलो.

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी एकटाच डिझायनर होतो. मुंबईत प्रदर्शन होतं आणि हातात चार दिवस. असेच कन्व्हर्टरचे आकडे टाकून मी फाइल नेहमीच्या छापखान्यात पाठवली. संध्याकाळी छापखान्याच्या काकांचा फोन आला, "हा ब्लू जांभळा मारणार. मशीनवर येऊन पहिले ताव बघून जा, मॅजेंटा उतरवून देतो." मी साहेबांना विचारलं. "वेळ नाही, लावा म्हणावं," ते म्हणाले. मी तसंच कळवलं.

गठ्ठे आले ते जांभळे. वर मॅट लॅमिनेशन, त्याने रंग आणखी मेलेला. साहेबांनी फोल्डर लॅपटॉपच्या स्क्रीनला टेकवला आणि काकांना विचारलं, "हा आणि हा एकच रंग आहे का?" काकांनी आवाज चढवला नाही. शेड कार्ड घेऊन ते खिडकीपाशी गेले आणि सांगू लागले, की स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागदाला बाहेरचा उजेड लागतो, तुमचा हा निळा चार शायांत बसतच नाही. ऐकून कोणी घेतलं नाही. निम्मं बिल कापलं. काकांचा फोन मीच घेतला होता, तरी त्या खोलीत मी तोंड उघडलं नाही. ते आजही सलतं.

म्हणून सांगतो, उलट बाजूने, कागदापासून सुरुवात करा. छापखान्यात जाऊन पँटोनचं (प्रत्येक रंगाच्या तयार शाईला नंबर देणारी पद्धत) शेड कार्ड मागा आणि दिवसाउजेडी स्क्रीनवरच्या निळ्याच्या जवळचा नंबर निवडा. गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर 'सी'चं (कोटेड) कार्ड, साधा, बिनलेपाचा मॅपलिथो असेल तर 'यू'चं (अनकोटेड). नंबर तोच असला तरी कागदाने शाई प्यायली की रंग वेगळा दिसतो. ब्रँड गाइडमध्ये तो नंबर, प्रूफ (छपाईआधीचा नमुना) बघून ठरवलेला सीएमवायके आणि स्क्रीनचा हेक्स (त्याच रंगाचा वेबवरचा कोड), तिन्ही शेजारी शेजारी लिहा. पँटोनची वेगळी शाई न वापरता चार कलरमध्येच काढायचं असेल तर मॅजेंटा ५०च्या आसपास उतरवून प्रूफ मागवा. आणि प्रूफवर कंपनीच्या माणसाची सही हवीच. प्रूफ बघायला जायचं नाही आणि नंतर छापणाऱ्याचे पैसे कापायचे, हा सरळ अन्याय आहे. साहेब परवा भेटले, तेव्हाही म्हणाले, त्या छापखान्याने आपला रंग घालवला. रंग फाइलमध्येच गेला होता आणि फाइल माझी होती. हे मी त्यांना परवा पहिल्यांदा सांगितलं.

एक राहिलं. शंभर-दोनशे कार्डं डिजिटल मशीनवर काढणार असाल तर तिथे स्पेशल कलरची, म्हणजे पँटोन नंबरची शाई बहुधा मिळणार नाही. मॅजेंटा कमी-जास्त केलेले तीन-चार नमुने त्याच कागदावर काढून निवडा, लॅमिनेशन असेल तर नमुन्यावरही करून घ्या. फ्लेक्स नि स्टँडीला हे आकडे देऊ नका, त्यांचा नमुना वेगळा काढावा लागतो.